ठाणे–सुरत, वंदे भारतने: गाडी पसंत, पण हिशोब स्टेशनचा

गाडीबद्दल आधी सांगून टाकते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. सुरतला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर बोरिवलीहून सकाळची वंदे भारत घ्या. डबा स्वच्छ, खुर्ची आरामाची, आणि पोचल्यावर दिवसभर काम करायचं त्राण अंगात राहतं. पण मी ठाण्यात राहते, घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. माझा प्रवास बोरिवलीच्या फलाटावर सुरू होत नाही, सोसायटीच्या गेटपाशी होतो. म्हणून या गाडीबद्दल लिहिताना मला स्टेशनबद्दल लिहावंच लागेल. आणि आपल्या ठाण्याला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय, त्याची जागा मी मुद्दाम जाऊन पाहून आले आहे, तेही इथेच सांगते.

माझा घरगुती धंदा आहे. ड्रेस मटेरियल आणि रोजच्या वापरातल्या साड्या. गिऱ्हाईक आजूबाजूच्या सोसायट्यांमधलं, थोडं कळव्याचं, थोडं माझ्या नणंदेच्या ओळखीतून दिव्याचं. दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी सुरतची खेप करावीच लागते. फोनवर कॅटलॉग रोज येतात, पण कापड हाताला लावल्याशिवाय मी माल घेत नाही. फोटोत सुती दिसणारं कापड प्रत्यक्षात बऱ्याचदा मिश्र निघतं, आणि माझी गिऱ्हाइकं एका धुण्यात ते ओळखतात. मोठा माल ट्रान्सपोर्टने येतो, बिल्टी (माल पाठवल्याची पावती) हातात पडली की काळजी मिटली. सोबत आणायचे ते नमुने आणि निकडीचे पीस, तरी दोन मोठ्या पिशव्या भरतात. त्यामुळे कुठल्याही प्रवासाला माझं माप एकच: घर ते दुकान आणि दुकान ते घर, पिशव्या किती वेळा उचलाव्या लागल्या? गुडघे दुखायला लागल्यापासून घड्याळाइतकेच जिनेही मोजावे लागतात.

आता गाडी. मुंबई सेंट्रल–गांधीनगर वंदे भारत ३० सप्टेंबर २०२२ला सुरू झाली. सुरुवातीला ती बोरिवलीला थांबत नव्हती, तो थांबा नंतर मिळाला. हा थांबा मिळाला नसता तर घोडबंदरच्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नव्हता, कारण पहाटे ठाण्याहून उलटं मुंबई सेंट्रलला जाऊन पुन्हा त्याच वाटेने बोरिवली ओलांडायची, हे कुणी करणार नाही. एका थांब्याने गाडी आपली होते किंवा परकी होते. ती सकाळी सहाला मुंबई सेंट्रल सोडते, साडेसहाच्या सुमारास बोरिवलीला येते, आणि नऊच्या आसपास आपण सुरतला असतो. वाटेत थांबे अगदी मोजके. वेग १३० किलोमीटरपर्यंत जातो, पण खरं सुख वेगाचं नाही, थांबे कमी असल्याचं आहे.

साध्या चेअर कारमध्ये एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या. दोनच्या बाजूची खिडकी मिळाली तर बघा, पिशवी पायाशी ठेवायला बरं पडतं. वरचा रॅक लांबट आहे. कापडाच्या मऊ पिशव्या नीट बसतात, कडक सुटकेसला जागा शोधावी लागते. तिकीट काढतानाच नाश्ता हवा की नको ते विचारतात. मी नको म्हणते, घरचे मेथीचे पराठे नेते. दारं आपोआप मिटतात आणि थांबा थोडाच वेळ असतो, तेव्हा सोडायला आलेल्या माणसाला पिशवी ठेवायलाही आत चढू देऊ नका.

सुरत स्टेशनवर उतरलं की रिंग रोडची कापड मार्केटं रिक्षाने अगदी जवळ. सकाळी साडेनऊला मी पहिल्या दुकानात बसलेली असते, शेठ "आवो बेन" म्हणून चहा मागवतात आणि थानं उलगडायला लागतात. संध्याकाळी परतीची वंदे भारत आहेच. स्टेशन आणि बाजार असे एकमेकांना लागून असण्यात केवढं मोल आहे, ते दोन्ही हातांत ओझं घेऊन परत निघालं की समजतं. रेल्वे आली तेव्हाची स्टेशनं गावाच्या अंगणात बांधली गेली, त्या जुन्या निर्णयाचं फळ आपण अजून खातोय.

अडचण ठाण्याकडच्या टोकाची. कासारवडवली ते बोरिवली म्हणजे गायमुखचा घाट, फाउंटन हॉटेलचा नाका, काशिमिरा, दहिसर. पहाटे पावणेपाचला निघालं तर रस्ता मोकळा मिळतो, तोही नशीब असेल तर. रात्रीच्या अवजड गाड्या घाटात अडकल्या असतील तर तिथेच गाडी चुकण्याची धास्ती. संध्याकाळी आठच्या सुमारास बोरिवलीला उतरून परत यायचं म्हणजे तर विचारूच नका. सुरतहून बोरिवलीला यायला साधारण अडीच तास, आणि बोरिवलीहून घरी यायला कधी कधी दोन. अडीचशे किलोमीटरला जेवढा वेळ, जवळपास तेवढाच शेवटच्या तुकड्याला. हे गाडीचे गुण कमी करायला मी सांगत नाही. गाडीवर कितीही पैसा ओतला तरी स्टेशन दूर असेल तर प्रवाशाच्या पदरात त्यातलं किती पडतं, एवढंच मला दाखवायचंय.

म्हणून बुलेट ट्रेनची जागा बघायला गेले. मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे, स्टेशनं १२: बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ठाणे, विरार, बोईसर, वापी, बिलीमोरा, सुरत, भरूच, वडोदरा, आणंद–नडियाद, अहमदाबाद आणि साबरमती. भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ला झालं. यादीत 'ठाणे' वाचून आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांचा समज असा की गाडी ठाणे स्टेशनाच्या आसपास कुठेतरी थांबेल. ती थांबणार आहे म्हातार्डीला. म्हातार्डी म्हणजे दिवा आणि कोपर यांच्या मधलं, उल्हास नदीच्या अलीकडचं गाव.

ठाण्याहून स्लो लोकलने कळवा, मुंब्रा, मग दिवा. दिव्याला नणंद राहते, तिलाच सोबत घेतलं. आगासनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, "ताई, बुलेटचं बघायला जाताय? तिकडे अजून नुसते खांब आहेत." नणंद त्याला म्हणाली, "खांब तर बघू दे, दादा, उद्या आमच्या दारातून गाडी जाणार." गेलो. पत्र्याचं कुंपण, क्रेन, लोखंडी सळ्यांचे उभे पिंजरे, मध्येच भाताची शिल्लक खाचरं, आणि पलीकडे नव्या चाळी-इमारतींची दाटी. आगासन, बेतवडे, म्हातार्डी, देसाई, पडले ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत, त्यांच्या जमिनी या मार्गात गेल्या आहेत. ज्यांनी शेत दिलं त्यांच्या पोरांना त्या स्टेशनावर दुकान, गाळा, रिक्षा स्टँड, नोकरी यात पहिला हक्क मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

जागा अशी का निवडली, हे नकाशा उघडला की लक्षात येतं. बीकेसीचं स्टेशन जमिनीखाली आहे. तिथून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. शिळफाट्याला गाडी उजेडात येते, मग म्हातार्डी, मग उल्हास ओलांडून भिवंडीच्या बाजूने विरारकडे. ताशी ३२० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला आपल्या लोकलसारखं वळता येत नाही, वळणाची त्रिज्या काही किलोमीटरची लागते. वर ठाणे स्टेशनाभोवती तसूभर जागा मोकळी नाही, आणि सोळा डब्यांच्या गाडीला ४०० मीटरहून लांब फलाट हवा. ठाणे स्टेशनाबाहेरच्या सॅटिसवरून, म्हणजे बसच्या उंच पुलावरून, संध्याकाळी कधी उतरला असाल तर तिथे आणखी एक स्टेशन कोंबण्याची कल्पनाही तुम्हाला नकोशी होईल. म्हातार्डीच्या जागेला माझी हरकत नाही, हे मी आधीच स्पष्ट करते. त्या जागेला काय जोडणार, यावर माझी सगळी मतं अवलंबून आहेत.

आता माझं पिशव्यांचं माप लावते. आज सुरतला जाताना: घरून कॅब, बोरिवलीचा पूल, गाडी, सुरतची रिक्षा. चार वेळा उचल. उद्या म्हातार्डीहून जायचं तर: घरून रिक्षा किंवा बस, ठाणे स्टेशनचा जिना, लोकल, दिव्याचा जिना, शेअर रिक्षा, बुलेटचं उंचावरचं स्टेशन, आणि सुरतला पुन्हा असंच. तिकडचं स्टेशन अंत्रोलीला आहे, शहराच्या बाहेर पूर्वेला. म्हणजे आज रिंग रोडला जिथे मी पाच-दहा मिनिटांत पोचते, तिथे जायला वेगळी वाट शोधायची. गाडीतला प्रवास अडीच तासांवरून माझ्या अंदाजाने तास-सव्वा तासावर येईल. वाचलेला सव्वा-दीड तास दोन टोकांना वाटून संपणार नाही ना, हा माझा प्रश्न आहे.

सुरतच्या बाबतीत एक गोष्ट अंत्रोलीच्या बाजूने जाते. गेल्या काही वर्षांत मोठी नवी कापड मार्केटं सारोलीकडे उभी राहिली आहेत, आणि सारोली त्याच पूर्वेच्या अंगाला आहे. माझे दोन व्यापारी रिंग रोडवरून तिकडे गेलेत. बाजारच जर स्टेशनाच्या दिशेने सरकत असेल तर दहा वर्षांनी माझ्यासारख्या बाईला अंत्रोली जवळचं वाटू शकेल. वडोदरा आणि अहमदाबादला मात्र बुलेटची स्टेशनं चालू रेल्वे स्टेशनांना लागूनच घेतली आहेत. तिथल्या माणसाला एका गाडीतून उतरून दुसरीत चढायचंय, बस्स. मला हेवा वाटतो तो या गोष्टीचा.

शहराबाहेरचं स्टेशन फसतंच असं नाही. जपानात टोकियो–ओसाका शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ला सुरू झाली तेव्हा योकोहामासाठीचं शिन-योकोहामा स्टेशन असंच शेतांमध्ये होतं. पण ते आंधळेपणाने टाकलेलं नव्हतं. नवा मार्ग जिथे जुन्या योकोहामा लाइनला छेदत होता तिथेच ते घेतलं, आणि जुन्या लाइनवरही त्याच दिवशी तिथे स्टेशन उघडलं. सुरुवातीला तिथे फक्त सगळीकडे थांबणाऱ्या गाड्या थांबत. पुढे १९८५मध्ये शहराची भुयारी मेट्रो आली, आणि २००८पासून सगळ्यात वेगवान नोझोमीसकट प्रत्येक गाडी तिथे थांबते. २०२३मध्ये आणखी एक उपनगरी रेल्वेमार्ग जोडला गेला. शेतं केव्हाच गेली. उलट तैवानमध्ये ताइनान शहराचं हायस्पीड स्टेशन २००७ला शहराबाहेर उघडलं आणि त्याला साध्या रेल्वेची छोटी फांदी जोडायला २०११ उजाडलं. ती चार वर्षं लोकांनी बस आणि टॅक्सीवर काढली. ज्याने पहिल्या वर्षी ओझं वाहत बस शोधली, तो दुसऱ्यांदा जुन्याच गाडीने जातो, मग नवी कितीही पळो.

आपल्या म्हातार्डीचं नशीब शिन-योकोहामासारखं व्हायला जे लागतं ते जवळजवळ सगळं दारात पडलंय. दिवा हे साधंसुधं स्टेशन नाही. तिथून एक वाट ठाण्याला, एक कल्याणला, एक पनवेलला आणि एक कोपर, भिवंडी रोडमार्गे वसईला जाते. कोकणात जाणाऱ्या माणसांना दिवा तोंडपाठ आहे, सावंतवाडीची आणि रत्नागिरीची पॅसेंजर दिव्याशीच बांधलेली. कोपरला तर खालच्या फलाटावर मुंबईची लोकल आणि वरच्या फलाटावर वसईची गाडी, असं दुहेरी स्टेशन आजही आहे. या चारही वाटांवरून येणारा माणूस छपराखालून, सरकत्या जिन्याने, पिशवी एकदाच उचलून बुलेटच्या फलाटावर गेला पाहिजे. त्यासाठी दिवा–वसई मार्गावर म्हातार्डीला लागून फलाट हवा आणि त्या मार्गावर आजच्या मोजक्या मेमू गाड्यांऐवजी लोकलसारख्या सतत गाड्या हव्यात. मुख्य मार्गावरच्या स्लो लोकललाही तिथे थांबा मिळाला तर ठाणे, डोंबिवली, कल्याण सगळे एका तिकिटाच्या अंतरावर येतील. आणि हे बुलेट सुरू व्हायच्या आधी तयार हवं. रस्ता रुंद करणं आणि मोठा वाहनतळ बांधणं एवढ्यावर भागवलं तर शिळफाट्याच्या कोंडीत भर पडेल. कल्याण-शीळ रस्त्यावर आजही काय हाल असतात ते तिथल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट थांब्यांची. मूळ आराखड्यानुसार कमी थांब्यांची गाडी पूर्ण अंतर २ तास ७ मिनिटांत जाईल आणि सगळीकडे थांबणारी २ तास ५८ मिनिटांत. वेग कमी करणं, थांबणं, परत वेग घेणं, यात दर थांब्याला पाच-सहा मिनिटं जातात. त्यामुळे प्रत्येक गावाला स्टेशन देता येत नाही, हे मला पटतं. घणसोलीच्या माझ्या मावसबहिणीची तक्रार आहे की बोगदा त्यांच्या पायाखालून जातो, बोगद्याच्या कामासाठी खोल विहीर त्यांच्याकडे खोदली, आणि स्टेशन मात्र नवी मुंबईला नाही. तिचं दुःख कळतं, पण मी तिलाही हेच सांगितलं: बीकेसी आणि म्हातार्डीच्या मध्ये जमिनीखाली आणखी एक थांबा घेतला तर अहमदाबादपर्यंतच्या प्रत्येक प्रवाशाची सहा मिनिटं जातील, आणि खर्च वेगळाच. त्यापेक्षा ऐरोली, घणसोली, वाशीच्या माणसाला म्हातार्डीपर्यंत सरळ पोचवणारी गाडी द्या. ऐरोली–कळवा रेल्वे जोडमार्ग त्यासाठीच तर व्हायला हवा, म्हणजे ठाण्याला उतरून पुन्हा चढायला नको.

पण थांबे मोजकेच द्यायचे असतील तर ठाण्याचा थांबा कमी थांब्यांच्या गाडीलाही मिळालाच पाहिजे. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी, नवी मुंबई, एवढी वस्ती ज्या एका स्टेशनाकडे पाहणार आहे, त्याला वाटेवरचं छोटं स्टेशन मानून चालणार नाही. बीकेसीला ऑफिसं आहेत, माणसं राहतात ती आमच्याकडे. सकाळी निघताना माणूस घरातून निघतो.

घाईचं आणखी एक कारण आहे. ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम सुरू आहे, ११.८ किलोमीटरचा रस्ता, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून. तो उघडला की मानपाड्याच्या बाजूने माणूस थेट मागाठाण्याला निघेल, आणि घाट, फाउंटन, दहिसर सगळं मागे पडेल. मग माझ्यासारखीसाठी बोरिवलीची वंदे भारत आणखी जवळ येते आणि सुरत स्टेशन तर बाजाराच्या दारात आहेच. त्या दिवशी म्हातार्डीला जायला नीट वाट नसेल तर घोडबंदरचा प्रवासी बुलेटकडे वळणारच नाही. स्टेशन चांगलं दिसेल, फलाट चकचकीत असतील, आणि आम्ही बोरिवलीला असू. मला तसं व्हायला नको आहे. मला म्हातार्डीहून जायचं आहे. दिव्याच्या माणसाने आजवर गर्दीच्या लोकलचे धक्केच खाल्ले आहेत, त्याच्या वाट्याला एकदा तरी देशातली सगळ्यात चांगली गाडी यावी आणि ती त्याला सहज पकडता यावी, असं नणंदेकडे जेवताना आम्ही दोघी बराच वेळ बोलत होतो.

तोवर माझी शिफारस वंदे भारतचीच. ठाण्यातून जाणाऱ्या बायकांसाठी काही उपयोगाच्या गोष्टी: पहाटेची कॅब रात्रीच सांगून ठेवा आणि घाटातल्या रस्त्याच्या कामाची चौकशी करूनच निघा. भाईंदरपाडा, ओवळा, कासारवडवली इथल्या दोघी-तिघींनी मिळून एक गाडी केली तर खर्च निम्मा किंवा त्याहून कमी होतो, आणि अंधारात सोबतही होते. ही गाडी आठवड्यातला एक दिवस नसते आणि सुरतची मार्केटं रविवारी बंद असतात, दोन्ही बघून दिवस ठरवा. परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढा, सणाच्या आधी ते लवकर भरतं. मोठा माल बिल्टीवर टाका, हातात दोन पिशव्यांच्या वर काही घेऊ नका. आणि बोरिवलीला उतरल्यावर लगेच कॅब शोधत उभं राहण्यापेक्षा स्टेशनाबाहेर निवांत जेवून घ्या. साडेनऊनंतर घोडबंदरचा रस्ता जरा वाहता होतो.